बहेला नाही हो, बह्याला!

बह्याची_लेक | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज राहवत नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर बहे. सांगली जिल्हा, वाळवा तालुका, कृष्णेचा काठ. गावाजवळ नदीला दोन धारा फुटतात आणि मधे बेट राहतं. बेटावर रामलिंगाचं देऊळ आहे आणि देवळामागे समर्थांनी स्थापलेला मारुती. अकरा मारुतींपैकी एक आमचा. स्थापना शके १५७३, म्हणजे १६५१ च्या सुमाराची. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही पोरं दगडांवरून उड्या मारत बेटावर जायचो आणि पावसाळ्यात काठावर उभं राहून नुसता कळस बघायचो. पाणी चढलं की देवाकडे जायची वाटच बंद.

गेल्या रविवारी वडिलांना भेटायला गेले होते. पुलाजवळ पुण्याची मिनीबस थांबली होती. दोन दिवसांत अकरा मारुती करणारी मंडळी. एका काकूंनी विचारलं, "अहो, बाहे बोरगाव हेच का? आणि रामलिंग बेट गाव कुठं आलं?" मी सांगितलं, हे बहे. बोरगाव वेगळं गाव आहे. रामलिंग हे देवाचं नाव, गावाचं नाही. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि फोनवर कुणाला तरी सांगू लागल्या, "आम्ही बहेला पोचलो. बहेमध्ये आहोत."

वडील शेजारीच उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तिथे काही बोलले नाहीत. घरी येऊन ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "बहेला म्हणं. आपल्यात कोण म्हणतं का बहेला?"

पुण्याला कुणी 'पुणेला' म्हटलं तर पुणेकर तिथल्या तिथे सुधारतात. ठाण्याचंही तेच. मग आमच्या बह्याने काय पाप केलंय? आम्ही बह्याला जातो, बह्यात राहतो, बह्याच्या बेटावर नारळ फोडतो. गावाचं नाव पाटीवर असतं तसं आमच्या तोंडात कधी नसतंच.

'रामलिंग' म्हणून शोधत निघालेली माणसं कुठल्या कुठे जातात. एक रामलिंग धाराशिवकडे येडशीला आहे, एक हातकणंगल्याजवळ आळत्याला. दोन्ही ठिकाणं मोठी, त्यांचा मान त्यांना. पण आमच्या बेटाला गावापासून तोडून नुसतं 'रामलिंग बेट' केलं की ते कुठलंही होतं. आणि 'बहे-बोरगाव' हा जोड पुस्तकांनी केला. बोरगावं तरी किती! साताऱ्याजवळ महामार्गावरच एक आहे.

माझ्या भावाला याचा प्रत्यक्ष त्रास झाला. शाळेच्या दाखल्यावर 'बहे'. पुढे एका कार्यालयात इंग्रजीवरून परत मराठी करताना कुणीतरी 'बाहे' टाकलं. दोन कागद जुळेनात. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, चार हेलपाटे. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "नक्की कुठलं गाव तुमचं?" जन्मल्यापासून ज्या मातीत वाढलो ती नक्की कुठली, हे सही करून सांगायची वेळ आली.

पाटबंधारे खात्याची पुराची आकडेवारी येते तेव्हा मात्र नाव बिनचूक असतं. कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, मग सांगलीचा आयर्विन. आयर्विनवर ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोर सांगेल. त्या यादीत आमचं नाव वाचलं की पोटात गोळा येतो, आणि तरीही बरोबर लिहिलेलं बघून बरं वाटतं. हे कसं सांगायचं कुणाला?

तुमच्या गावाचं असं काही आहे का? आणि तुम्ही काय करता, सुधारता की सोडून देता?

रेठऱ्याचा_राम्या | रविवार, रात्री ९.३२

ताई, मनातलं बोलला. आमचंबी तेच. रेठऱ्याला जायचं आसतंय, 'रेठरेला' न्हाई. त्यात बुद्रुक का खुर्द ते तर कुणी इचारतच न्हाई. पाव्हणा एका गावात आन् जेवण दुसऱ्या गावात.

वारणेकाठी | रविवार, रात्री ९.५१

शिराळा. आमच्याकडे बाहेरचा माणूस 'शिराळाला' म्हणतो, आणि आधीच्या 'बत्तीस'चं काय करायचं ते त्याला कळत नाही. बत्तीस गावांचं मुख्य ठिकाण म्हणून बत्तीस शिराळा, असं आम्ही ऐकत आलो. पत्त्यात ३२ असा आकडा टाकला की पुढचा माणूस घर क्रमांक समजतो. समर्थांचा मारुती आमच्याकडेही आहे. सांगली जिल्ह्यातले दोनच, तुमचा आणि आमचा. त्या नात्याने तुमच्या बाजूने हात वर.

प्रीतिसंगम_७१ | रविवार, रात्री १०.२०

कऱ्हाडकर बोलतोय. बघा, लिहितानाच अडलो. 'कराडकर' लिहू की 'कऱ्हाडकर'?

जुन्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत करहाटक आहे. त्यातून कऱ्हाड आलं. कऱ्हाडे ब्राह्मण, कऱ्हाडकर आडनाव, सगळीकडे तो 'ऱ्हा' टिकून आहे. रेल्वेच्या पाटीवर कराड, बोलण्यात बहुतेकांच्या कराड, आणि काही वर्तमानपत्रं आजही हट्टाने कऱ्हाड छापतात. माझे आजोबा पत्रावर कऱ्हाड लिहायचे, वडील कराड लिहायचे. मी दोन्ही लिहितो आणि दोन्ही वेळा वाटतं की कुणाचा तरी अपमान केला.

म्हणून ताई, तुमच्या बाजूने असूनही एक विचारतो. बाहेरच्याने चुकवलं की आपल्याला लागतं, हे खरं. पण गावातल्या गावातच दोन रूपं असतील तर? 'बाहे' हे पूर्ण चुकीचंच आहे याची तुम्हाला खात्री आहे? बेटाच्या कथेत मारुतीने पुराचं पाणी बाहूंनी अडवलं, दोन्ही हात पसरले तशा नदीच्या दोन धारा झाल्या, आणि त्या बाहूंवरून गावाचं नाव पडलं असं आम्ही इकडे ऐकलंय. बाहूवरून आलं असेल तर आधी 'बाहे'च यायला हवं ना?

बह्याची_लेक | रविवार, रात्री १०.३५

काका, कथा तीच आहे. मूर्तीचे हातही तसेच, पाणी थोपवल्यासारखे. पण मी 'बाहे' कधी ऐकलं नाही घरात. माझ्या भावाला त्या एका कान्यापायी चार हेलपाटे पडलेत, तेव्हा मला तो काना नकोसाच आहे. राग मानू नका.

तंबोरा_मिरज | सोमवार, सकाळी ७.१५

रात्री वाचलं, सकाळी रियाज आटोपून लिहितोय.

आधी आमचं गाऱ्हाणं. मिरजेला हिंदी वाहिन्यांवर 'मिराज' म्हणतात, लढाऊ विमान असतं तसं. आमच्या सतारमेकर गल्लीतला तंबोरा देशभर जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी आनंदाने बातम्या लावून बसलो आणि निवेदकाने 'मिराज' म्हटलं. ज्या गावात स्वर एका श्रुतीने ढळला तर तंबोरा पुन्हा जुळवतात, त्या गावाचं नाव एवढं बेसूर? आणि 'मिरजला' नाही, 'मिरजेला'. गाव स्त्रीलिंगी आहे.

आता तुमच्या बह्याकडे येतो. समर्थशिष्या वेणाबाई आमच्या मिरजेच्या. त्यांचा मठ आजही इथे आहे. अकरा मारुती कुठे कुठे आहेत हे ज्या अभंगातून आपण सगळे पाठ करतो तो त्यांचाच. त्यात शेवटच्या, अकराव्या मारुतीचं ठिकाण कसं आलंय आठवा: 'बाह्यांत अकरावा'.

बाह्यांत. म्हणजे प्रीतिसंगमकाकांचा कानाही त्यात आहे आणि ताई, तुमचं सामान्यरूपही त्यात आहे. वेणाबाईंनी 'बाहेत' म्हटलं नाही, 'बाहेमध्ये' तर नाहीच. साडेतीनशे वर्षांपूर्वी मिरजेच्या बाईने तुमच्या गावाचं नाव तुमचे वडील वाकवतात तसंच वाकवलंय. मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

सदाशिव_पेठ_४ | सोमवार, सकाळी ११.०५

मी पुण्याचा. त्या मिनीबसमध्ये नव्हतो, पण मागच्या डिसेंबरात मीही अकरा मारुती केले आणि मीही 'बहेला' म्हटलं असणार. म्हणून मनापासून लिहितो.

आमच्या हातातल्या पुस्तिकेत 'बहे-बोरगाव' एवढंच छापलं होतं. बसमध्ये माइकवर सांगणाऱ्यानेही तेच म्हटलं. आम्ही उतरलो, बेटावर गेलो, दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि पुढच्या मारुतीकडे निघालो. गावातल्या एकाही माणसाशी बोललो नाही. नाव चुकणार नाही तर काय होणार?

'बहेला' का म्हणतात याबद्दल माझा एक अनुभव. माझी मुलगी 'पुण्याला' म्हणते, कारण घरात ऐकते. पण अनोळखी गावाचं नाव आलं की ती त्याला हात लावायला घाबरते. तिला वाटतं, 'बह्याला' म्हटलं तर नाव बिघडेल. म्हणजे ती आदरानेच 'बहेला' म्हणते आणि तुमच्या वडिलांना नेमकं तेच परकं वाटतं. दोघांपैकी कुणाचं मन वाईट नाही, तरी लागलं ते लागलंच. माझ्याकडून तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

कांदाटी_खोरं | सोमवार, दुपारी १.४०

तुमचं बेट नदीने केलं. आमचं धरणाने केलं.

कोयनेचं पाणी चढलं तेव्हा माझे आजोबा जावळी खोऱ्यात शेती करत होते. १०५ टीएमसीचं धरण, शिवसागर जलाशय. खालची गावं गेली. कुणी ठाण्याकडे गेलं, कुणी रायगडला, कुणी सोलापूर-सांगलीच्या माळावर. जे वर डोंगरात सरकून राहिले त्यांना एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचा कडा. बामणोलीहून लाँच, तापोळ्याहून लाँच. बाळंतीण न्यायची तरी लाँच. वारा सुटला की लाँचही नाही. नकाशात आम्ही बेट नाही, पण राहतो बेटावरच्यासारखेच.

आमचं नाव कुणी चुकीचं उच्चारत नाही. आमचं नाव घेतच नाहीत. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. हॉटेलांच्या पाट्यांवर तेच, चित्रफितींत तेच. कासला 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'. कास हे गाव आहे, तिथे माणसं राहतात, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते 'कास' या नावाने गेलं. मग उसनं नाव कशाला? माझी आत्या तापोळ्यात दिलेली. तिने काश्मीर पाहिलेलं नाही. तिने नाचणीची खाचरं पाहिलीत, पाण्याखाली गेलेलं देऊळ उन्हाळ्यात वर येताना पाहिलंय, आणि त्या वर आलेल्या जोत्यावर बसून रडणारी म्हातारी माणसं पाहिलीत. तिच्या गावाला दुसऱ्याच प्रांताचं नाव देऊन 'मिनी' म्हणायचं म्हणजे तिला आधीच लहान करून टाकायचं.

ज्यांची गावं बुडाली त्यांनी नव्या वसाहतींना जुनीच नावं दिली. जमीन नेता आली नाही, नाव तेवढं नेलं. माझा चुलतभाऊ त्या वसाहतीत जन्मला. मूळ गाव त्याने डोळ्याने पाहिलेलं नाही. पण नाव सांगताना चुकत नाही.

ताई, तुमच्या वडिलांचं गप्प राहणं मला कळलं.

बह्याची_लेक | सोमवार, दुपारी २.०५

दादा, यावर काय लिहू? दोनदा वाचलं. तापोळ्याला आम्ही कॉलेजच्या सहलीला आलो होतो तेव्हा 'मिनी काश्मीर' मीही म्हटलंय, वहीत लिहिलंयसुद्धा. आत्याबाईंना सांगा, बह्याच्या एका मुलीने चूक कबूल केली.

उत्तरेचा_वारा | सोमवार, रात्री ११.५०

मूळची साताऱ्याची, करंज्याची. काही वर्षं स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीमध्ये कर्कवॉलला नोकरी केली. कांदाटीच्या दादांचं वाचून तिथलं सगळं डोळ्यांसमोर आलं.

ऑर्कनी म्हणजे सत्तरच्या आसपास बेटं, त्यातल्या वीसेक बेटांवर वस्ती, माणसं सगळी मिळून सुमारे २२,०००. मी रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत 'ऑर्कनीज' म्हणाले, अनेकवचनी, कारण बेटं अनेक आणि लंडनच्या ओळखीच्या माणसांकडून तसंच ऐकलेलं. टेबलावर एकदम शांतता. मग माझ्या आजीच्या वयाच्या एका बाईंनी हळूच सांगितलं, "ऑर्कनी. एकच आहे." तिथले लोक कधीच 'ऑर्कनीज' म्हणत नाहीत. नावाच्या शेवटी जो 'ई' ऐकू येतो तोच मुळी जुन्या नॉर्स भाषेतला 'बेटं' हा शब्द. बेटं नावातच आहेत, वर आणखी अनेकवचन कशाला? १४६८ पर्यंत ही बेटं नॉर्वेच्या राजाची. राजकन्येच्या हुंड्यापायी गहाण पडली ती स्कॉटलंडकडे राहिली. साडेपाचशे वर्षं होऊन गेली, तरी नाव नॉर्सच.

आणखी एक. तिथे 'मेनलँड' म्हणजे त्यांचं सगळ्यांत मोठं बेट, ज्यावर कर्कवॉल आहे. ब्रिटनची मोठी भूमी म्हणजे मेनलँड नव्हे. बाहेरून आलेला माणूस बोटीत बसून "उद्या मेनलँडला परत जाणार" म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं हा आत्ता मेनलँडवरच तर उभा आहे. कुठलं मुख्य आणि कुठलं कडेचं, हे ज्याने त्याने आपल्या पायाखालून ठरवलेलं असतं. साताऱ्यात आम्ही 'वर' मुंबईला जातो की 'खाली' जातो यावर घरात दोन मतं होती, तेही तेव्हा आठवलं.

शेजारच्या शेटलंडचं दुःख वेगळं. ती बेटं एवढी उत्तरेला की नकाशा छापणारे कागद वाचवायला त्यांना उचलून भलत्याच समुद्रात एका चौकटीत ठेवायचे. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी शाळेत आपलं घर चुकीच्या जागी पाहिलं. शेवटी २०१८ साली स्कॉटलंडच्या संसदेने बेटांसाठी जो कायदा केला त्यात सरकारी नकाशांवर शेटलंड खऱ्या जागी दाखवायचं असं कलमच घातलं. काही लोक म्हणाले एवढ्याशा गोष्टीला कायदा कशाला. शेटलंडच्या माणसाला विचारा एवढीशी आहे का ते.

मी ऑर्कनी सोडताना त्या चहाच्या टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं होतं, तुझ्या गावाचं नाव नीट कसं म्हणायचं? कारण दोन वर्षं सगळे मला 'सटारा'ची म्हणत होते. मी तिला 'सातारा' तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा तिला 'त' जमला. मी रडले.

वडूजकर | मंगळवार, सकाळी ८.२२

करंज्याच्या ताई, तो 'त' वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

निवृत्त_तारखातं | मंगळवार, सकाळी १०.१०

नोकरीत तीन वर्षं अंदमानात होतो. पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम. तिथे जारवा म्हणून जी जमात सगळ्यांना ठाऊक आहे तिचं स्वतःचं नाव जारवा नाही. तो शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ 'परके'. ते स्वतःला 'अंग' म्हणतात, म्हणजे माणसं. आपण शतकभर त्यांना त्यांच्याच जंगलात परके म्हणत आलो, सरकारी कागदांतसुद्धा. आणि उत्तर सेंटिनल बेटावरच्या लोकांना आपण बेटाच्या इंग्रजी नावावरून सेंटिनली म्हणतो. ते स्वतःला काय म्हणतात ते बाहेरच्या जगात कुणालाच ठाऊक नाही.

आपलं बरं. आपण निदान ओरडून सांगू शकतो.

यमाईचा_डोंगर | मंगळवार, दुपारी १२.४५

औंध. खटाव तालुका. मुलाखतीला पुण्यात गेलो की दर वेळी, "औंध? म्हणजे ब्रेमेन चौकाजवळ का?" पुण्याच्या औंधाशी माझं वैर नाही. पण १९३९ साली राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून कारभार रयतेच्या हाती दिला ते संस्थान आमचं औंध. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच संस्थानच्या माळावर. हे सगळं सांगेपर्यंत मुलाखतीची वेळ संपते. आता मी पहिल्याच वाक्यात "यमाईचं औंध" म्हणतो.

नकाशेवाला_विटा | मंगळवार, रात्री ८.०५

विट्याचा. (विटाला नव्हे. धागा वाचून धीर आला म्हणून लिहितो.)

मी फावल्या वेळात लोकांनी मिळून केलेल्या मोकळ्या नकाशावर खानापूर, आटपाडी, कडेगाव भागातली गावं, वस्त्या, ओढे भरतो. बह्याची नोंद काल रात्री उघडून बघितली. गाव इंग्रजीत आहे, मराठी रकाना रिकामा. बेटाला गावाशी जोडणारं काहीच नाही.

दुरुस्ती करणं अवघड नाही. अशा नकाशात मराठी नावाचा रकाना वेगळा असतो, जुन्या नावाचा वेगळा, पर्यायी नावाचा वेगळा. म्हणजे 'बहे की बाहे' हे भांडण तिथे तोडावं लागत नाही, दोन्हींना आपापली जागा देता येते. फोनमधल्या नेहमीच्या नकाशातही बदल सुचवायची सोय आहे, मात्र तिथे मंजुरी लागते आणि वाट बघावी लागते. गावातल्या चार-पाच जणांनी सुचवलं तर लवकर होतं असा माझा अनुभव.

मी घाईने काही भरत नाही. हे माझं गाव नाही. ताई, वडिलांना विचारून सांगा: गावाचं मुख्य नाव काय, जुनं काय, आणि बेटाला गावात काय म्हणतात. तुम्ही सांगाल तेच टाकतो.

बह्याची_लेक | बुधवार, रात्री ९.३०

आज मुद्दाम रजा काढून बह्याला गेले. सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. कांदाटीच्या दादांचं ऐकताना त्यांनी चष्मा काढून ठेवला. ऑर्कनीचं दोनदा वाचायला लावलं.

'बाह्यांत अकरावा' वाचलं तेव्हा जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "आई म्हणायची की." म्हणजे माझी आजी. मी म्हटलं, काय म्हणायची? मग त्यांनी ओवी म्हटली. सत्तर वर्षांपूर्वी जात्याशी बसून ऐकलेली.

बाह्याच्या बेटावरी
किस्ना दोहीकडं गेली
माज्या मारुतीरायानं
दोनी हातांनं सारली

बाह्याच्या! काना स्पष्ट. मी विचारलं, मग आजी बोलताना बाह्याला म्हणायची का? "न्हाई, बोलताना बह्यालाच. ओवीत तेवढं बाह्याच्या." इतकी वर्षं माझ्या घरातच तो काना होता आणि मी रविवारी इथे लिहिलं की घरात कधी ऐकला नाही. प्रीतिसंगमकाका, तुमचं बरोबर होतं. पण त्या खिडकीतल्या माणसाचंही बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्याचा काना वेणाबाईंकडून आलेला नव्हता, इंग्रजी अक्षरांतून आला होता, आणि भावाने जीव तोडून सांगितलं तरी त्याने ऐकून घेतलं नाही.

नकाशेवाले दादा, वडिलांनी सांगितलं ते असं. गावाचं नाव बहे. जुनं नाव म्हणून बाहे लिहा, वडिलांची हरकत नाही, उलट आनंद आहे. बेटाला गावात नुसतं 'बेट' म्हणतात. "बेटावर जाऊन येतो" म्हटलं की झालं, दुसरं बेट आहेच कुठं. बाहेरच्यांसाठी लिहायचं तर 'बह्याचं बेट' लिहा, आणि देवळाला 'रामलिंग'. बोरगाव जोडू नका, बोरगावच्या लोकांनाही ते आवडत नसणार.

नकाशेवाला_विटा | बुधवार, रात्री ११.१५

टाकलं. गाव: बहे. जुनं नाव: बाहे. बेट: बह्याचं बेट. देऊळ आणि मारुती वेगवेगळे दाखवलेत. बघून घ्या आणि काही चुकलं असेल तर लगेच सांगा.

तंबोरा_मिरज | गुरुवार, सकाळी ७.०५

ताई, ती ओवी लिहून ठेवा. वडिलांच्या आवाजात फोनवर उतरवूनही ठेवा. आजच.

सदाशिव_पेठ_४ | गुरुवार, दुपारी १.२०

या रविवारी मुलीला घेऊन येतोय. अकरा मारुती नाहीत, एकच. तुमचे वडील घरी असतील तर पाच मिनिटं भेटता येईल का? पात्रात पाणी किती आहे सध्या?

बह्याची_लेक | गुरुवार, दुपारी १.४५

पाणी उतरलंय, दगड उघडे पडलेत, पण शेवाळ आहे, मुलीचा हात धरा. वडील घरीच आहेत. सकाळी लवकर निघा, दहाच्या आत बह्यात पोचाल. जेवायलाच या.